भिंतीपलीकडचा न्यूट्रल

ताई इस्पितळातून घरी आली तेव्हा पोटावरचे टाके अजून ओढत होते, आणि मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. ते दार ती कधी उघडं ठेवत नसे, कारण भुसा घरभर पसरायचा. आत डोकावली तर खोली एकदम मोठी वाटली. फरशीत बोल्टांची भोकं होती, भोकांभोवती जुन्या तेलाचा काळा चौकोन होता, आणि लेथ नव्हता.

लेथ बाबांचा. बाबा पोटासाठी वायरमनचं काम करायचे आणि जिवासाठी लाकूड कातायचे. त्यांचं पाहून पाहून ताई शिकली, आणि ते गेल्यावर तिने त्याच यंत्रावर स्वतःचा धंदा उभा केला. टेबलांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे, पलंगाचे गोल खांब. गावातले सुतार तिच्याकडे लाकूड टाकून जायचे आणि कातलेले नग घेऊन जायचे.

"भंगारच झालं होतं ते, ताई," धाकटा भाऊ म्हणाला. "आणि तू आता असलं जड काम करणार थोडीच?"

विकून मोकळा झाला होता. घेणाऱ्याने ते फोडून भट्टीत घातलं, हेही त्याने असं सांगितलं, जणू तिच्यावर उपकारच केले. ताई त्या वेळी काही बोलली नाही, कारण बोलायला पोटातून जोर लागतो आणि पोट शिवलेलं होतं. पण खरी आग लागली ती आठवड्याभराने, आत्याचा फोन आला तेव्हा.

आत्या म्हणजे घराण्याचं आकाशवाणी केंद्र. तिने तब्येतीची चौकशी केली, पथ्य विचारलं आणि मग हळूच म्हणाली, की बापाची एवढी एक वस्तू होती, ती विकायला सांगताना तुझी जीभ कशी गं रेटली? ताईला आधी कळेचना. मग कळलं. धाकट्याने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं, की ताईनेच सांगितलं विकून टाक म्हणून. ताईने परोपरीने समजावलं. आत्या "असू दे, असू दे" म्हणाली, पण ते "असू दे" गुन्हा कबूल केलेल्या माणसाला म्हणतात तसं होतं. त्यानंतर दर फोनला, दर भेटीला ती तेच उगाळायची. "लेकीनेच बाप विकला" इथपर्यंत मजल गेली.

ताईने धाकट्याला गाठून एकदाच विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "आता काय त्याचं? गेली ती गोष्ट."

लेथ परत येणार नव्हता, हे ताईला ठाऊक होतं. तिला पैसे नको होते. तिला एवढंच हवं होतं, की याने आत्याच्या कानात स्वतःच्या तोंडाने म्हणावं: मी विकला, ताईला न विचारता. एवढं वाक्य. ते ऐकल्याशिवाय आपल्याला नीट झोप लागणार नाही, हे तिने मनाशी पक्कं धरलं, आणि कामाला लागली.

ताई इस्पितळात होती तेवढ्यात धाकट्याने आणखी एक काम उरकलं होतं. घराची वाटणी आधीच ठरली होती. पुढचा अर्धा त्याचा, मागचा तिचा. मध्ये भिंत घातली, विजेचे दोन मीटर घेतले आणि वायरिंग त्याने स्वतःच्या हाताने वेगळं केलं. तो वायरिंगचा ठेकेदार. गावातल्या निम्म्या नव्या इमारतींच्या फाटकावर त्याच्या नावाची पाटी. त्याच्या बाजूला नवं न्हाणीघर झालं, खालपासून छतापर्यंत चकचकीत टाइल्सचं, आणि त्यात नळ सोडताच पाणी तापवणारा भला मोठा गीझर. जुना लेथ विकून ती टाइल आली, असं ताई मनात म्हणायची. हिशोब बसत नव्हता, पण म्हणायला बरं वाटायचं.

टाके सुकल्यावर तिने नवा लेथ आणला. त्याच्यासोबत नवा बोर्ड लावला आणि बोर्डात गळती पकडणारा ट्रिपर बसवला. हा ट्रिपर एकच गोष्ट बघतो: एका तारेने, म्हणजे फेजने, जितका करंट बाहेर गेला, तितकाच दुसरीने, म्हणजे न्यूट्रलने, परत आला की नाही. परत कमी आला किंवा जास्त आला, तर कुठेतरी वाट चुकली असं समजून तो क्षणात सगळं बंद करतो. ओल्या हातांच्या माणसाला वाचवणारी वस्तू ती.

पहिल्याच सकाळी ती लाकडावर पटाशी टेकवून उभी असताना ट्रिपर पडला. लेथ फिरत फिरत थांबला. तिने ट्रिपर उचलला, पुन्हा पडला. तासाभराने उचलला तर गुमान राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. तिला वाटलं मोटारीत ओल गेली असेल. मोटार सोडवून ठेवली, तरी पडला. सगळी बटणं बंद केली, सगळे प्लग उपटले. खोलीत वीज खाणारी एकही वस्तू उरली नाही, आणि ट्रिपर पडला.

इथे दुसरं कुणी असतं तर दुकानदाराच्या नावाने खडे फोडत ट्रिपर बदलून आणला असता. ताईला मात्र कोडं आवडलं. तिने ट्रिपर थोडा वेळ वगळून थेट जोडणी केली, चिमट्याचा मीटर आणला आणि बोर्डात जाणाऱ्या न्यूट्रलच्या तारेभोवती अडकवला. फेजची तार रिकामी. एकही बटण चालू नव्हतं, मग असणार कुठून? न्यूट्रलमध्ये मात्र भरघोस करंट वाहत होता. आपल्याकडून काहीच गेलं नाही आणि परत एवढं आलं कुठून, असा प्रश्न तिला पडला असतानाच भिंतीपलीकडे नळाची धार बादलीत पडल्याचा आवाज आला. मग भावजयीचा गुणगुणण्याचा. मग टक् असा बटणाचा, आणि मीटरचा आकडा शून्यावर.

ताई स्टुलावर बसली आणि बराच वेळ एकटीच हसत राहिली.

झालं होतं असं, की भिंत घालताना धाकट्याने न्हाणीघराचा फेज स्वतःच्या मीटरवरून नेला. न्यूट्रल मात्र नवा ओढलाच नाही. भिंतीतल्या जुन्या जंक्शन बॉक्समध्ये जी न्यूट्रलची तार हाताला लागली तिलाच जोडून दिलं. ती तार ताईच्या खोलीतल्या जुन्या दिव्याच्या लाइनची. म्हणजे गीझरचा करंट त्याच्या मीटरमधून निघायचा आणि आपली वाट सोडून ताईच्या घरातून परत जायचा. चालत होतं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. ताईचा ट्रिपर आल्यावर कळलं, आणि ट्रिपर पडला की गीझरही मरायचा, कारण त्याची परतीची वाटच तुटायची.

त्याच घाईच्या दिवसांत त्याने तिचा लेथ विकला होता. त्याच हातांनी ही गाठ मारली होती. ताईला वाटलं, चोराने आपल्या खिडकीत स्वतःच्या अंगठ्याचा ठसा विसरून जावा तसं झालं.

भिंतीवर टकटक करून त्याला सांगणं हे सरळ काम होतं. तिने ते केलं नाही. तिने दिव्याची ती जुनी लाइन ट्रिपरच्या आधीच वेगळी काढली. आता गीझर चालू झाला तरी तिचा लेथ थांबणार नव्हता. आणि मग, बाबांनी लहानपणापासून जे कधीही करायचं नाही म्हणून बजावलं होतं तेच तिने केलं: त्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये एक स्विच बसवला. बेंचच्या कडेला, डाव्या हाताशी, कातताना सहज पोचेल असा.

त्यानंतरच्या सकाळची तिने जेवढ्या आतुरतेने वाट पाहिली, तेवढी आयुष्यात कशाचीच पाहिली नव्हती. पलीकडे गीझर लागला, धाकटा गाणं म्हणत आत शिरला. डोक्यावर साबण चढेल एवढा वेळ तिने जाऊ दिला आणि स्विच वर करून बंद केला. न्हाणीघराच्या झरोक्यातून आधी गाणं थांबल्याचं ऐकू आलं, मग एक शिवी, मग बायकोच्या नावाने हाक.

रोज असं केलं असतं तर त्याला संशय आला असता. म्हणून ती मोजूनमापून छळायची. कधी चार दिवस गरम पाणी येऊ द्यायची, तो निर्धास्त झाला की तोडायची. त्याने गीझरची कॉइल बदलली. थर्मोस्टॅट बदलला. मग गीझरच नवा आणला. भावजय झरोक्यातून ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणायची, की गावभर लोकांच्या घरात उजेड पाडता आणि आपल्या घरात मी दात वाजवत आंघोळ करते. धाकटा त्यावर गुरगुरायचा. गावाला ट्रिपर बसवून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र अजून चिनीमातीचे फ्यूज होते, आणि तार सतत वितळायचा त्रास नको म्हणून त्यांत त्याने भलतीच जाड तांब्याची तार भरली होती, हे ताईला भावजयीकडूनच कळलं. ऐकून तिचा दिवस मजेत गेला.

भावजयीचं वाईट वाटायचं कधीकधी. एकदा ती आली आणि म्हणाली, "ताई, तुम्हाला यातलं कळतं ना? जरा बघता का?" ताई म्हणाली, की मोठा ठेकेदार घरात असताना माझ्यासारखीने कशाला नाक खुपसावं. भावजय तिच्याकडे थोडा जास्तच वेळ बघत राहिली आणि गेली.

मग तो रविवार आला. ताईने नेहमीप्रमाणे बादलीचा आवाज ऐकून स्विच वर केला. पलीकडे काही वेळ आदळआपट झाली. आज त्याने ठाणच मांडलं होतं. नवा गीझर भिंतीवरून उतरवून खाली ठेवला, वायरी मोकळ्या केल्या. सगळं बोलणं झरोक्यातून स्वच्छ ऐकू येत होतं.

"राहू द्या ना, गॅसवर तापवते मी पाणी," भावजय म्हणत होती. "खाली सगळं ओलं आहे. चप्पल तरी घाला."

"फ्यूज काढून खिशात ठेवलाय. लाल वायरीला टेस्टर लावून पाहिला. आता यात काय राहिलंय? काही नाही. टोकं कापून नवी करतो, बस."

ताई गालात हसली. कर, नवी कर. पटाशीला धार लावावी म्हणून तिने दगड ओढला. खोलीत अंधारलेलं होतं. स्विच वर केला की तिचा बेंचवरचा पिवळा बल्बही जायचा, तीच लाइन ना. हा एकच बल्ब तिने जुन्या पद्धतीचा ठेवला होता, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात फिरतं लाकूड कधीकधी थांबल्यासारखं दिसतं आणि माणूस त्याला हात लावायला जातो. सवयीने तिचा हात बल्बच्या बटणाकडे गेला. बटण खालीच होतं. चालूच होतं.

हात तिथेच राहिला.

बल्बला फेज मिळत होता. बल्बच्या तारेतून तो न्यूट्रलमध्ये उतरत होता. पुढे स्विच उघडा, म्हणून मीटरकडे परत जायला वाट नव्हती, म्हणून बल्ब लागत नव्हता. पण न्यूट्रलची ती तार दुसऱ्या बाजूने जंक्शन बॉक्समध्ये जात होती, तिथून भिंतीत, तिथून न्हाणीघरात. म्हणजे पलीकडे लोंबणारी काळी वायर या क्षणी पुरी जिवंत होती. त्याने त्याचा फ्यूज खिशात ठेवला होता, पण ही वीज त्याच्या घरची नव्हतीच. लाल वायरीला टेस्टर लावला होता. काळीला कोण लावतो? अनवाणी, ओल्या फरशीवर, आणि ही लाइन ट्रिपरच्या बाहेर. तिनेच काढलेली.

त्याने ती वायर धरली तर हा बल्ब साधा मिणमिणणारसुद्धा नाही, एवढंही तिला कळत होतं. माणसाला मारायला पुरतो तेवढा करंट बल्बच्या खिजगणतीत नसतो.

आणि मग जे तिच्या मनात आलं, ते तिने नंतर कुणाला सांगितलं नाही. तिला दिसलं, की कुणालाच कळणार नाही. वायरिंग त्याचं. गाठ त्याची. फ्यूज त्याच्या खिशात सापडेल. लोक म्हणतील, एवढा मोठा ठेकेदार आणि स्वतःच्या कामाने गेला. आत्या रडेल. ताई स्विच खाली करेल, कधीतरी तो काढून टाकेल, आणि झालं. हे सगळं तिला अगदी शांतपणे दिसलं, एखादा नग कातायच्या आधी लाकडात दिसतो तसं, आणि त्या शांतपणाचीच तिला भीती वाटली.

पलीकडे पकडीचा आवाज आला. लाल वायरीचं टोक कापलं असावं.

तिच्यापुढे दोन बटणं होती. न्यूट्रलचा स्विच खाली केला की सगळं जागच्या जागी, आणि थोड्या वेळाने त्याचं गरम पाणीही सुरू. बल्बचं बटण वर केलं की त्या तारेतली वीज जाते, पण तार तुटलेलीच राहते. तो जगतो, आणि गार पाण्याने आंघोळ करतो.

तिने बल्बचं बटण वर केलं.

"झालं बघ," पलीकडून धाकटा म्हणाला. "काळीचंही टोक नवं केलं."

ताईने धार लावायचा दगड परत जागेवर ठेवला.

दुपारी तो दारात उभा राहिला. गीझर पुन्हा लावून, फ्यूज घालून त्याने तपासलं होतं, आणि या वेळी दोन्ही वायरींना टेस्टर लावला होता. दोन्हींवर टेस्टर उजळला. तिथून पुढे त्याला कळायला वेळ लागला नाही. हाडाचा वायरमन होता तो, आळस सोडला तर. भिंतीत आपणच काय करून ठेवलं ते त्याला आठवलं. आत आल्याआल्या त्याला बेंचच्या कडेचा स्विच दिसला.

"न्यूट्रलमध्ये स्विच?" तो म्हणाला. "बाबांनी हात तोडले असते तुझे."

"तुझे आधी. माझी पाळी तुझ्यानंतर."

तो काही बोलणार होता. पण त्याची नजर स्विचवरून तारेवर, तारेवरून बल्बवर आणि बल्बवरून बटणावर गेली, आणि तिथे थांबली. त्याचे ओठ हलले. तो मनातल्या मनात सर्किट काढत होता. मग त्याने ताईचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसला.

"सकाळी हे बटण?"

"चालू होतं. मी बंद केलं."

"मुद्दाम ठेवलं होतंस?"

"नाही. पण बंद करायच्या आधी थोडा वेळ थांबले होते."

खोटं बोलता आलं असतं. पण त्याला ते कळावं असं तिला वाटलं. धाकट्याने तोंडावरून हात फिरवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला तिची भीती वाटत होती, आणि ते पाहून तिला जे वाटलं ते समाधानच होतं.

मग त्याने व्यवहाराची भाषा सुरू केली. त्याच्या बाजूच्या वायरींच्या पाइपात भिंत घालताना सिमेंट गेलं होतं. नवी तार त्यातून सरकत नव्हती. तार वरून पट्टीत घालून न्यावी तर बायको टाइल्सवर पट्टी मारू देणार नाही. फोडायच्या तर पुरी भिंत फोडावी लागेल. तेव्हा ताईने ही तार जोडून द्यावी, स्विच काढावा आणि विषय मिटवावा. तो तिच्या वीजबिलाचे पैसे द्यायलाही तयार होता.

"आत्याला फोन लाव," ताई म्हणाली. "मोठ्या आवाजावर ठेव. लेथ कुणी विकला ते सांग. मग जोडते. शब्द देते."

तो कुरकुरला, मग लावला. आत्याने हवापाणी विचारायच्या आत तो घडाघडा बोलून मोकळा झाला, की लेथ मीच विकला, ताईला विचारलं नव्हतं, ती तर इस्पितळात होती. शाळेत छडीसाठी हात पुढे करावा तसा त्याने फोन समोर धरला होता.

ताई ऐकत होती. या वाक्यासाठी तिने काय काय केलं होतं.

"अरे, हे सांगायला फोन केलास?" आत्या म्हणाली. "ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तू विकणारच. लहानपणापासून ओळखते मी तुला."

ताईने फोन त्याच्या हातातून घेतला. "मग मला का बोलत होतीस, आत्या? महिनोन्महिने?"

"त्याला काही बोललं की तो फोन ठेवतो गं," आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. "तू ऐकून घेतेस."

फोन बंद झाला. मग धाकट्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्याने खांदे उडवले, आणि तो पूर्वीसारखाच हसला. "ऐकलंस ना? सगळ्यांना माहीत होतं. उगाच डोक्यात राख घालून बसली होतीस. चल, जोड आता."

ताईने त्याला त्याचा फ्यूज काढून यायला लावलं आणि आपला मेन बंद केला. फळीवरून पकड घेतली, धाकट्याला बाजूला करून स्टुलावर चढली आणि जंक्शन बॉक्सचं झाकण काढलं. त्याच्या डोळ्यांदेखत तिने पलीकडे जाणारी काळी तार भिंतीशी घेऊन कचकन कापली. उरलेल्या टोकावर कनेक्टर चढवून त्याला नीट टेप गुंडाळली, कारण अर्धवट काम तिला आवडत नसे.

"शब्द दिला होतास तू," धाकटा म्हणाला.

"दिला होता. आत्याला फोन करून सांग, ताईने शब्द मोडला. आणि मी या वेळी ऐकून घेणार नाही, हेही सांग."

तो गेल्यावर तिने न्यूट्रलमधला स्विचही उपटला. त्याच्याकडे बघवत नव्हतं, आणि आता त्याची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडे छिन्नी-हातोडा सुरू झाला. टाइल फुटते तेव्हा आधी टण् असा आवाज येतो, मग कपच्या खाली पडल्याचा. भावजय म्हणत होती, की या टाइल्स आता कुठे मिळायच्या नाहीत, हा रंग बंद झाला. मग दुसरी टाइल फुटली. भिंतीतून धूळ उडून ताईच्या खोलीत येत होती आणि हादऱ्याने पटाशी लाकडावर स्थिर टेकत नव्हती. अशा हादऱ्यात कातकाम होत नाही. एक नग तर सरळ वाया गेला. तिने लेथ बंद केला, खुर्ची भिंतीजवळ ओढून घेतली, चहा घेतला आणि छतापर्यंतच्या सगळ्या टाइल्स फुटेपर्यंत तिथेच बसून राहिली.